उहुदच्या विधवेचा दावा : युद्धकाळ, स्त्री आणि शरीअत



फैजपूरच्या मशिदीत जुमाच्या नमाजनंतर आपण दूरदेशीच्या पीडितांसाठी दुआ करतो. गेल्या काही वर्षांत अशा दुआंचे प्रसंग फार वाढले आहेत. गाझाच्या मातांची छायाचित्रे आपल्या घराघरांत, हातातल्या मोबाइलवर येऊन पोहोचली आहेत. अशाच एका जुमाला दुआ आटोपल्यावर एका मुलाने मला थांबवले. त्याच्या आजीने त्याच्याकरवी एक प्रश्न पाठविला होता. ‘इमामसाहेब, लढाईच्या गोष्टींत आपण नेहमी मर्दांची नावे घेता. कोण लढला, कोण शहीद झाला, हे सांगता. त्यांच्या मागे ज्या बाया राहिल्या त्यांचे काय झाले, हे कधी सांगत नाही.’

प्रश्न साधा होता, पण तो माझ्या मनातून जाईना. त्या वृद्ध मातेचे म्हणणे खरे आहे. आपल्या बयानांत तलवारींचा खणखणाट असतो, मात्र तलवारी म्यान झाल्यावर ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराचा उल्लेख नसतो. कुरआन आणि सुन्नत मात्र त्या घराच्या दारापर्यंत गेलेली आहेत. आजचा हा धडा त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

आपल्याच वाटेवरची एक कबर

उदाहरणासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावावरून सावदा, रावेर करीत जाणारा रस्ता बऱ्हाणपूरला पोहोचतो. फारूकी सुलतानांच्या काळी तेच खानदेशाच्या राजधानीचे शहर होते. 1630 साली बादशहा शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी तेथे येऊन राहिला. त्याच्याबरोबर त्याची बेगम अर्जुमंद बानू, म्हणजे मुमताजमहल, होती. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात तिने बऱ्हाणपुरात प्राण सोडला. तापीच्या पलीकडे झैनाबादच्या बागेत तिला प्रथम दफन करण्यात आले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्ऱ्याला नेण्यात आला. जगाला आग्ऱ्याचा ताजमहाल ठाऊक आहे. पण मोहिमेच्या मुक्कामावर, आपल्या तापीच्या काठी, प्रसूतीच्या वेदनांत तिने शेवटचा श्वास घेतला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

हिंदुस्थानच्या सम्राज्ञीपाशी हकीम होते, दाया होत्या, खजिना होता. तरीही ती वाचली नाही. मग त्याच वर्षी खानदेशातल्या सामान्य स्त्रीचे काय झाले असेल? 1630 मध्ये पाऊस पडला नव्हता. गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. त्यातच लाखोंचे लष्कर पोसायचे होते. बंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन बादशाही छावणीकडे जात होते आणि त्याच रस्त्याच्या कडेला माणसे उपाशी मरत होती. सुरतेहून याच मुलखातून प्रवास करणाऱ्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने नंदुरबारला तंबू ठोकण्यासाठी प्रेतांविना जागा शोधणे कसे कठीण झाले, हे लिहून ठेवले आहे. आपली मुले विकणारे, कोणी घेईल तर फुकटही देऊ पाहणारे आईबाप त्याच्या नोंदीत आहेत. बादशहाने लंगर उघडले, हे खरे. पण मूल हातातून सुटलेल्या त्या मातांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत.

वाचकहो, युद्ध म्हणजे केवळ रणांगण नव्हे, हे यावरून ध्यानी घ्यावे. सैन्य जेथून जाते तेथील धान्य जाते, पाणी जाते, दाई मिळत नाही, औषध मिळत नाही. या साऱ्याचा पहिला फटका गर्भवतीला, बाळंतिणीला आणि लेकुरवाळीला बसतो.

पहिला हक्क : जिवाचा आणि अब्रूचा

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळ्यांची युद्धे अखंड चालत आणि शत्रूची स्त्री ही लुटीचा भाग समजली जाई. अशा समाजात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी युद्धाला मर्यादा घातल्या. एका मोहिमेत एक स्त्री मारली गेलेली आढळली. प्रेषितांना (स.) ही गोष्ट अत्यंत नापसंत वाटली आणि त्यांनी स्त्रियांना व मुलांना ठार मारण्याची मनाई केली. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊद यांच्या रिवायतीत अधिक तपशील आहे. ही तर लढत नव्हती, असे उद्गार प्रेषितांनी (स.) काढले आणि सैन्याच्या आघाडीवर असलेल्या हजरत खालिद इब्ने वलीद (रजि.) यांना निरोप धाडला की स्त्रीला मारू नये आणि मजुरीवर आलेल्या माणसालाही मारू नये.

पुढे हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) यांनी शामकडे फौज रवाना करताना सेनापतीला दहा गोष्टी बजावल्या. त्यांत स्त्री, मूल आणि वृद्ध यांना हात लावू नये, फळझाड तोडू नये, वस्ती उजाड करू नये, खाण्यापुरते सोडून जनावर कापू नये, या आज्ञा होत्या. इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये त्या नोंदल्या आहेत. झाड, जनावर आणि वस्ती वाचली तरच मागे राहिलेली स्त्री जगू शकते, हे त्या आज्ञांमागचे शहाणपण आहे.

चांगुलपणाची साक्ष विरोधकाच्या तोंडून आली तर तिचे मोल वाढते. आपल्या महाराष्ट्रात याचे एक ठळक उदाहरण आहे. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान छत्रपती शिवाजी महाराजांविषयी कटू शब्द वापरतो. तोच खाफीखान लिहितो की त्यांच्या सैन्याने मशिदीला, कुरआनला आणि कोणाच्याही स्त्रीला इजा करू नये, असा त्यांचा दंडक होता. न्यायाची नोंद घेताना ती कोणाच्या बाजूची आहे हे पाहायचे नसते, हा धडा आपणही यातून घ्यावा.

आधी स्वतःचा हिशेब

येथे एक कडू घोट घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिकवण आपल्यापाशी असणे आणि आचरण आपल्यापाशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 1971 साली पूर्व पाकिस्तानात असंख्य स्त्रियांवर अत्याचार झाले. ते करणारे कलमा पढणारे होते आणि पीडितांमध्ये कलमा पढणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. 1947 च्या फाळणीत हिंदू, शीख आणि मुस्लिम अशा तिन्ही समाजांतल्या स्त्रिया पळवल्या गेल्या. पळवणारेही तिन्ही समाजांत होते. 2014 मध्ये इराकात ‘दाइश’ने यझिदी स्त्रियांना गुलाम बनवून विकले आणि त्यासाठी दीनचे नाव घेतले. त्याच वर्षी जगभरातील शंभराहून अधिक उलमांनी खुले पत्र काढून सांगितले की गुलामगिरी पुन्हा आणणे शरीअतमध्ये हराम आहे आणि तिच्या निर्मूलनावर उम्मतची सहमती झालेली आहे.

दुसऱ्याच्या हातून झालेला जुलूम पाहून रडणे सोपे असते. आपल्यातल्यांनी केलेल्या जुलमाला जुलूम म्हणणे कठीण असते. सूरह निसाची 135 वी आयत न्यायाची साक्ष देण्यास सांगते, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरोधात का जाईना. हा हुकूम याच कठीण प्रसंगासाठी आहे.

दुसरा हक्क : आश्रयाचा

हिजरी 6 मध्ये हुदैबियाचा तह झाला. मक्केहून कोणी मदीनेला आल्यास त्याला परत करावे, असे एक कलम त्यात होते. तहानंतर उम्मे कुल्सूम बिन्ते उक्बा (रजि.) या मक्केहून एकट्या निघाल्या आणि मदीनेला पोहोचल्या. पाठोपाठ त्यांचे भाऊ त्यांना न्यायला आले. तेव्हा सूरह मुम्तहिनाची दहावी आयत उतरली. श्रद्धेपायी घर सोडून आलेल्या स्त्रियांना परत पाठवू नये, असा हुकूम झाला. त्याचबरोबर त्यांच्या आधीच्या पतींनी दिलेला मेहर परत करावा, असेही सांगण्यात आले. निर्वासित स्त्रीला संरक्षण मिळाले आणि पैशाच्या व्यवहारात शत्रूवरही अन्याय होऊ दिला नाही.

आश्रय मागण्याचाच नव्हे, आश्रय देण्याचाही हक्क स्त्रीला मिळाला. हिजरी 8 मध्ये मक्का जिंकल्याच्या दिवशी उम्मे हानी (रजि.) यांनी आपल्या सासरकडच्या माणसांना घरात अमान दिली. त्यांचे सख्खे बंधू हजरत अली (रजि.) त्या माणसांना ठार करू पाहत होते. उम्मे हानी थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या. प्रेषितांनी (स.) निर्णय दिला की ज्याला उम्मे हानीने अमान दिली त्याला आम्हीही दिली. विजयी सैन्याचा हात एका गृहिणीच्या शब्दाने थांबला.

तिसरा हक्क : वारशाचा

आता या धड्याच्या मुख्य गोष्टीकडे वळू या. हिजरी 3 मध्ये, म्हणजे इ. स. 625 मध्ये, उहुदच्या डोंगराशी लढाई झाली. सत्तर सहाबा शहीद झाले. मदीना हे लहानसे गाव. एका दिवसात तेथे कित्येक घरे विधवांची आणि यतीमांची झाली.

शहिदांमध्ये हजरत सअद इब्ने रबीअ (रजि.) होते. हे तेच अन्सारी, ज्यांनी मक्केहून रिकाम्या हाती आलेल्या हजरत अब्दुर्रहमान इब्ने औफ (रजि.) यांना आपली निम्मी मालमत्ता देऊ केली होती. परक्या मुहाजिराला अर्धे घर देणारा हा माणूस गेला आणि त्याच्या सख्ख्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. मागे विधवा आणि दोन मुली राहिल्या. जाहिलियतचा रिवाजच तसा होता. जो भाला चालवतो, टोळीचे रक्षण करतो, तोच वारस. स्त्री लढत नाही, म्हणून तिला वाटा नाही.

ती विधवा गप्प बसली नाही. दोन्ही मुलींना घेऊन ती प्रेषितांच्या (स.) समोर उभी राहिली. या सअदच्या मुली आहेत, त्यांचा बाप उहुदला आपल्यासोबत शहीद झाला, चुलत्याने सारे घेतले आणि मालाविना यांची लग्नेही होणार नाहीत, अशी तिची फिर्याद होती. याबाबत अल्लाह निर्णय करील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. मग वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी (स.) चुलत्याला बोलावून आज्ञा केली की सअदच्या दोन मुलींना दोनतृतीयांश दे, त्यांच्या आईला एकअष्टमांश दे आणि उरेल ते तू घे. ही रिवायत तिर्मिजी आणि अबू दाऊद यांत आहे.

हिशेब नीट समजण्यासाठी मालमत्तेचे 24 भाग धरा. मुलींचे 16, म्हणजे प्रत्येकीला 8. आईचे 3. चुलत्याचे 5. काल जो 24 पैकी 24 घेऊन बसला होता त्याच्या हाती आज 5 राहिले. आणि हे वाटप होण्याआधी मृताचे कर्ज फेडले पाहिजे. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, म्हणून तो आधी काढून ठेवायचा.

विचार करा. ज्या आयतींवर आपले सारे फराइजचे शास्त्र उभे आहे, त्यांच्या उतरण्यामागे युद्धात उजाड झालेल्या एका स्त्रीचा दावा आहे. तिने भीक मागितली नाही, हक्क मागितला. आणि तिच्या मागण्याने कियामतपर्यंतच्या मुलींचा वाटा ठरला.

चौथा हक्क : अनिश्चिततेतून सुटकेचा

ज्याचे प्रेत घरी येते त्याच्या पत्नीला निदान आपली अवस्था कळते. चार महिने दहा दिवसांची इद्दत पुरी करून ती पुढचा निर्णय घेऊ शकते. परंतु जो गेला आणि परतलाच नाही, ज्याची चिठ्ठी नाही, खबर नाही, त्याच्या पत्नीने काय करावे? फिकहमध्ये अशा पुरुषाला ‘मफ्कूद’ म्हणतात.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात सैन्ये दूरदूर गेली, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. एका रात्री गस्त घालताना त्यांनी दूर गेलेल्या पतीच्या विरहात झुरणाऱ्या एका स्त्रीचे शब्द ऐकले. त्यांनी आपली कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की स्त्री पतीविना किती काळ धीर धरू शकते. त्यांच्या उत्तरावरून सैनिकाला मोहिमेवर ठेवण्याची मुदत ठरविण्यात आली. काही रिवायतींत ती चार महिने, तर काहींत सहा महिने सांगितली आहे. खलीफाने युद्धाचे धोरण स्त्रीला विचारून ठरवले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बेपत्ता पतीच्या पत्नीने चार वर्षे वाट पाहावी आणि नंतर इद्दत पाळावी, हा निर्णयही हजरत उमर (रजि.) यांचाच. इमाम मालिक (रह.) यांनी तो स्वीकारला.

हनफी मजहबमध्ये मुदत फार लांब होती; मफ्कूदचे समवयस्क हयात असेपर्यंत थांबावे, असे मत होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली आणि 70 हजारांहून अधिक परतली नाहीत. देशांतरे, आजार आणि रोजगाराची वणवण यांनी बेपत्ता होणारे वेगळेच. अडकून पडलेल्या स्त्रियांचे हाल पाहून मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी 1930 च्या दशकात ‘अल-हीलतुन नाजिजा’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि अशा बाबतीत मालिकी मतावर फतवा देण्याची वाट खुली केली. त्यानंतर 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल, किंवा त्याने दोन वर्षे निर्वाहखर्च दिला नसेल, तर पत्नी न्यायालयातून निकाह संपवून घेऊ शकते. बेपत्तेपणाच्या कारणावर मिळालेला हुकूमनामा सहा महिन्यांनी अमलात येतो. तोवर पती परतला तर त्याला संधी असते. आपल्या भगिनींपैकी कोणी अशा स्थितीत असेल तर तिला हे कोणी सांगितले आहे का?

हा प्रश्न जुना झालेला नाही. बोस्नियात जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. तेथील माता आणि पत्नी पुढे वर्षानुवर्षे हाडांची ओळख पटण्याची वाट पाहत राहिल्या. काहींना एका मुलाचे अवशेष मिळाले, दुसऱ्याचे नाही. अशा स्त्रीचा सब्र कोणत्या मापाने मोजावा?

समाजाचे कर्तव्य

हक्क लिहून ठेवल्याने मिळत नाहीत, ते पोहोचवावे लागतात. हिजरी 8 मध्ये मुअतातून हजरत जाफर (रजि.) यांच्या शहादतीची खबर आली. प्रेषितांनी (स.) जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास सांगितले, कारण त्यांच्यावर असा प्रसंग आला होता की त्यांना चुलीचे भान राहणार नव्हते. शेजाऱ्याच्या घरी मयत झाल्यावर आपण खिचडी नेतो ती याच सुन्नतीवर. पण ते जेवण तीन दिवसांत संपते आणि विधवेचे आयुष्य पुढे तीस वर्षे चालते. म्हणूनच दुसऱ्या एका हदीसमध्ये विधवा आणि गरीब यांच्यासाठी धावपळ करणाऱ्याला अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्याची बरोबरी दिली आहे. बुखारी व मुस्लिम यांतील ही हदीस आपल्या प्रत्येकाला रणांगणावर न जाता त्या दर्जाला पोहोचण्याचा मार्ग दाखविते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण फैजपूर, सावदा, यावल, रावेरची माणसे. आपल्यापाशी केळीच्या बागा आहेत, घरे आहेत, दुकाने आहेत. आपल्यावर बॉम्ब पडत नाहीत. तरीही बाप वारल्यावर किती बहिणींना त्यांचा वाटा मिळतो? वारसनोंदीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ‘भावाचे घर तुझेच आहे, माहेर तुटू देऊ नकोस’ असे सांगून तिची सही घेतली जाते आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव नाहीसे होते. जी सही माहेर तुटण्याच्या भीतीने होते ती राजीखुशीची नसते. ज्या दिराने मयत भावाच्या विधवेला ‘तुझे येथे काय आहे?’ असे विचारले, तो आणि सअदचा भाऊ यांच्यात फरक एवढाच की सअदच्या भावापर्यंत अजून आयत पोहोचली नव्हती. आपल्यापर्यंत ती चौदाशे वर्षांपूर्वीच पोहोचली आहे.

गाझाच्या विधवेसाठी डोळे ओले होणे हे ईमानचे लक्षण आहे, ते ओले होत राहोत. पण घरातल्या विधवेचा वाटा दाबून दूरच्या विधवेसाठी हात उचलणारा माणूस आपल्या दुआच्या वाटेत स्वतःच आडवा उभा आहे. युद्धाने जो हक्क स्त्रीला मिळवून दिला तो शांततेत काढून घेणे, याहून मोठी नामुष्की कोणती?

या महिन्यात घरी करावयाच्या गोष्टी

1. कुटुंबाला एकत्र बसवून सूरह निसाच्या आयती 7 ते 14 अर्थासह वाचाव्यात. मुली आणि सुना त्या बैठकीत असाव्यात.
2. आपल्या पत्नीचा मेहर दिला आहे की बाकी आहे, हे पाहावे. बाकी असल्यास लिहून ठेवावे आणि देण्यास आरंभ करावा.
3. आई, बहीण, आत्या यांचा वाटा अडलेला असल्यास जाणत्या आलिमकडून फराइजचा हिशेब आणि वकिलाकडून कागदोपत्री मार्ग समजून घ्यावा.
4. मोहल्ल्यातील एका विधवेच्या वा पतीने वाऱ्यावर सोडलेल्या स्त्रीच्या घरी आपल्या घरच्या स्त्रियांनी जावे आणि तिला दया नको, नेमके काय हवे आहे, हे विचारावे.

ज्या आजींनी प्रश्न पाठविला त्यांना हा लेख नातवाने वाचून दाखवावा, अशी विनंती मी त्याला केली आहे. आजी, लढाईनंतर मागे राहिलेल्या एका बाईने प्रेषितांच्या (स.) दारात येऊन आपला हक्क मागितला आणि अल्लाहने तिचे ऐकले. इतकी थोर गोष्ट आम्ही मिंबरवरून इतके दिवस सांगितली नाही, हा दोष आमचा.

हे अल्लाह, जगातल्या प्रत्येक युद्धग्रस्त मातेला, पत्नीला, मुलीला, ती कोणत्याही धर्माची वा देशाची असो, तुझ्या रक्षणाखाली घे. आणि आमच्या घरांत ज्या स्त्रियांचे हक्क आमच्याकडे थकले आहेत ते मरणापूर्वी देऊन मोकळे होण्याची आम्हांला तौफीक दे. आमीन.